सा कुणी ठरवला? मिरजेच्या तबकडीपासून कोऱ्या सीडीपर्यंत वेगाचा इतिहास

सांगली-मिरजेकडच्या अनेक घरांत आजही एखाद्या कपाटाच्या तळाशी हाताने नावे लिहिलेल्या सीडींची चळत सापडते. 'अब्दुल करीम खाँ, भाग १', 'हिराबाई, जुनी गाणी', 'नाट्यपदे'. या सीडी कुणा कंपनीने छापलेल्या नाहीत. २००० नंतरच्या दशकात कुणीतरी जुन्या तबकड्या किंवा कॅसेट संगणकावर उतरवल्या आणि कोऱ्या सीडीवर 'राइट' केल्या. ते करताना प्रत्येकाला एक प्रश्न पडत असे : वेग किती ठेवायचा? ४, ८, १६ की ५२?

आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे. हाच प्रश्न त्याआधी शंभर वर्षे मेणाच्या कोऱ्या तबकडीसमोर विचारला गेला होता. तेव्हा त्याचे उत्तर थेट गायकाच्या षड्जाला भिडत होते.

प्रथम गाव समजून घेऊ. मिरज हे एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्ये घडवणाऱ्यांचे गाव. येथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले ते येथेच. आणि उत्तरेतील कैरान्यात १८७२ मध्ये जन्मलेले अब्दुल करीम खाँ अखेर येथलेच झाले. हिराबाई बडोदेकर या त्यांच्या कन्येचा जन्म १९०५ चा, मिरजेतला. खाँसाहेब १९३७ मध्ये मद्रासजवळ प्रवासात निवर्तले, पण त्यांचे दफन मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात झाले. तेथे उरुसात आजही गायक-वादक हजेरी लावतात.

या खाँसाहेबांच्या स्वरांना मोजपट्टी लावण्याचा उद्योगही याच परिसरात झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. तारेची लांबी आणि कंपनसंख्या यांच्या आधारे बावीस श्रुतींचे गणित मांडण्याचा त्यांनी ध्यास घेतला. प्रत्यक्ष गायनासाठी त्यांना अब्दुल करीम खाँचे साहाय्य लाभले. १९१० मध्ये देवलांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचे सहकारी अर्नेस्ट क्लेमंट्स हे सनदी सेवेतील न्यायाधीश. त्यांचा ग्रंथ १९१३ चा. साताऱ्याशी जोडलेल्या 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' या संस्थेमागे हीच मंडळी होती. त्यांची श्रुति-हार्मोनियम १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडली गेली, तेव्हा तिच्यावरून मोठा वाद झाला. बावीस श्रुतींचे हे गणित गायकाच्या गळ्याला कितपत लागू पडते, याविषयी मला स्वतःला शंका आहे. परंतु सांगलीचा एक निवृत्त अधिकारी आणि मिरजेचा एक गवई स्वराचा सूक्ष्मातला सूक्ष्म फरक आकड्यात पकडू पाहत होते, ही घटना लहान नव्हे.

देवलांच्या गणितात प्रमाणश्रुतीचे गुणोत्तर येते : ८१ भागिले ८०. म्हणजे कंपनसंख्येत सव्वा टक्का फरक.

आता ग्रामोफोनकडे वळू. तबकडी मिनिटाला ७८ ऐवजी ७९ फेऱ्या फिरली, तर स्वर किती चढतो? ७९ भागिले ७८, म्हणजे जवळजवळ तेवढाच, सव्वा टक्क्यापेक्षा किंचित अधिक. एका फेरीचा फरक म्हणजे एक प्रमाणश्रुती! तबकडी ८२-८३ फेऱ्यांवर गेली की फरक पूर्ण अर्ध्या स्वराचा होतो. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. वेग चुकला तरी सगळे स्वर एकाच प्रमाणात सरकतात. त्यामुळे गांधार आणि पंचम यांतले अंतर बिघडत नाही, राग राग राहतो. बदलतो तो षड्ज. शिवाय लय बदलते, तान अधिक चपळ वाटते, आवाजाची जात बदलते आणि प्रौढ गायक तरुण भासतो. मात्र वेग गाण्याच्या मध्येच बदलला, चावी उतरत जाऊन तबकडी मंदावत गेली, तर स्वरांतली अंतरेही सैल होतात. म्हणून ध्वनिमुद्रकांनी आपले यंत्र स्प्रिंगवर चालवण्याचे टाळले. उंचावरून हळूहळू खाली येणाऱ्या वजनावर ते चाले, आणि गती समान राखायला त्यात नियंत्रक असे. घरोघरी वाजणारा फोनो मात्र चावीचाच होता.

ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रण भारतात १९०२ मध्ये सुरू झाले. फ्रेडरिक गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि गौहर जानचा आवाज मेणावर कोरला गेला. कोरी तबकडी म्हणजे मेणाची जाड चकती. तिचा पृष्ठभाग तासून आरशासारखा करावा लागे. गाण्यापूर्वी ती योग्य तेवढी ऊबदार ठेवावी लागे. फार थंड असेल तर कोरणी खरखर करी. फार ऊब लागली तर मेण मऊ पडून नाजूक रेषा पुसट होत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सांभाळणे किती जिकिरीचे असेल, याची कल्पना करा. सुरुवातीला कोरलेल्या चकत्या जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि छापील तबकड्या होऊन परतत. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाल्यावर हा फेरा वाचला. छापील तबकडीतली लाख बहुधा भारतातलीच असे, हा त्यातला एक गमतीचा भाग.

वेगाची निवड ध्वनिमुद्रकाच्या हाती होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. वेग कमी केला तर थोडा अवधी अधिक मिळे, पण तीव्र ध्वनी मंदावत. वेग वाढवला तर नाद स्वच्छ, पण गवयाला ख्याल आणखी आखडावा लागे. शिवाय एकाच तबकडीवर सगळीकडे परिस्थिती सारखी नसते. ७८ फेऱ्यांना काठावरची सुई सेकंदाला सुमारे एक मीटर धावते, आणि आत पोहोचेपर्यंत ती गती निम्म्याहून कमी होते. जुन्या तबकडीचा शेवट कोंदट वाटतो त्याचे हे एक कारण आहे.

परिणामी '७८' हा आकडा त्या काळी नियम नव्हता. आरंभीच्या तबकड्या साधारण ७० पासून ८० च्या वरपर्यंत कोणत्याही वेगाने कोरलेल्या आढळतात. १९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आले, विजेच्या मोटारी आल्या आणि ७८ स्थिरावला. खाँसाहेबांच्या तबकड्या दोन्ही युगांतल्या आहेत : काही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या, भोंग्यासमोर गायलेल्या, आणि नंतरच्या, १९३० च्या दशकातल्या, ओडियन शिक्क्याच्या. 'पिया बिन नहीं आवत चैन' ही झिंझोटीतली ठुमरी किंवा भैरवीतले 'जमुना के तीर' आपण ऐकतो ते या नंतरच्या काळातले.

भीमसेन जोशी लहानपणी दुकानात वाजणारी खाँसाहेबांची तबकडी ऐकून भारावले आणि गाणे शिकायला घर सोडून निघाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्या फोनोला वेग कमीजास्त करण्याचा एक लहानसा स्क्रू असणार. दुकानदाराने तो कुठे ठेवला होता, त्यावर त्या मुलाच्या कानी पडलेला षड्ज अवलंबून होता.

यानंतर कॅसेटचे युग आले. आपल्या मूळ प्रश्नाशी त्याचा संबंध एवढाच, की 'सावकाश भरलेले चांगले' ही समजूत त्या काळात पक्की झाली. तेव्हा ती खरीही होती. कॅसेट दुप्पट किंवा त्याहून अधिक वेगाने भरली की तीव्र ध्वनी हरवत. 'कॅसेट भरून देणारा' जाणकार असेल तर तो घाई करत नसे. पुढे अनेक ठिकाणी हीच मंडळी सीडी राइट करून देऊ लागली, आणि ही समजूतही त्यांच्यासोबत संगणकापुढे येऊन बसली.

येथेच घोटाळा झाला.

सीडी ही फिलिप्स आणि सोनी यांची संयुक्त निर्मिती. तिचे नियम 'रेड बुक' नावाने १९८० मध्ये ठरले आणि १९८२ मध्ये ती बाजारात आली. सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप, प्रत्येक माप १६ बिटांचे, डावा-उजवा असे दोन मार्ग. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. हे बिट तबकडीवरून वाचले जातात, एका तात्पुरत्या साठ्यात जमतात, आणि तेथून वादकयंत्रातल्या स्फटिकाच्या ठोक्यावर बाहेर पडतात. म्हणजे षड्ज ठरवतो तो हा स्फटिक. सीडी ४ च्या वेगाने लिहिली की ४८ च्या, याचा पट्टीशी काडीचाही संबंध उरत नाही. लय बदलत नाही, आवाजाची जात बदलत नाही.

मग लिहिण्याच्या वेगाने बदलते तरी काय? त्यासाठी कोरी सीडी म्हणजे काय ते पाहावे लागेल.

छापील सीडीत खळगे असतात. कोऱ्या सीडीत, म्हणजे १९८८ मध्ये जपानच्या तायो युडेन कंपनीने पुढे आणलेल्या सीडी-आरमध्ये, खळग्यांऐवजी रंगद्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. लेझरच्या उष्णतेने त्यावर डाग पडतात आणि वाचणारा लेझर त्या डागांना खळगे समजतो. सर्वांत लहान डाग मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही थोडा लहान. डागाची लांबी हीच त्यातली भाषा असल्यामुळे त्याच्या कडा जितक्या नेमक्या, तितके वाचन निर्वेध. मेणाची ऊब आणि कोरणीचा दाब यांचा जो मेळ १९०२ च्या ध्वनिमुद्रकाला घालावा लागे, तोच येथे रंगद्रव्य आणि लेझरची शक्ती यांच्यात घालावा लागतो.

रंगद्रव्ये मुख्यतः तीन. सायनीन हे आरंभीचे, तायो युडेनचे. सोनेरी परावर्तक थरासह ते हिरवट दिसे. थॅलोसायनीन मित्सुईने पुढे आणले. ते फिकट, जवळजवळ रंगहीन, आणि प्रकाशापुढे अधिक टिकाऊ. अॅझो हे गडद निळे, मित्सुबिशीचे. बाजारात ते व्हर्बॅटिम या नावाने मिळे. त्यामुळे सीडीच्या पाठीचा रंग पाहून ती कोणत्या जातीची याचा बराचसा अंदाज जुने जाणकार बांधत. वेष्टनावरच्या नावावर मात्र विसंबता येत नसे, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या कारखान्यांचा माल येई. खरी ओळख सीडीच्या आतल्या कडेजवळ आधीच कोरलेली असते. ती संगणकाला वाचता येते, आणि तीत निर्मात्याचा संकेत व वेगाची मर्यादाही नोंदलेली असते.

आपल्याकडे स्वस्त कोऱ्या सीडींचा पूर आला त्यात मोझर बेअर या भारतीय कंपनीचा वाटा मोठा. १९८३ मध्ये दिल्लीत वेळनोंदणी यंत्रे जुळवण्यापासून सुरुवात केलेली ही कंपनी पुढे जगातल्या मोठ्या सीडी-उत्पादकांत गणली गेली. २०१८ मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश निघाला. तायो युडेननेही २०१५ अखेर हा धंदा सोडला. कोऱ्या सीडीचे युग पाव शतकात उगवून मावळले.

आता वेग. १ म्हणजे ऐकण्याचाच वेग : ७४ मिनिटांची सीडी लिहायला ७४ मिनिटे. या वेगाला सीडी आतल्या कडेला मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्या घेते आणि बाहेर जाता जाता २०० पर्यंत उतरते. लेझरखालून ती सेकंदाला १.२ ते १.४ मीटर या एकाच चालीने सरकावी म्हणून हा खटाटोप. ग्रामोफोनच्या तबकडीचा जो दोष वर सांगितला, काठावर जलद आणि आत मंद, तो येथे मुळातच टाळला आहे. ५२ च्या यंत्रात फेऱ्या दहा हजारांवर जातात आणि अख्खी सीडी जवळपास तीन मिनिटांत लिहून होते. खाँसाहेबांना एका बाजूसाठी मिळत ती तीन मिनिटे!

इतक्या वेगात सीडी थरथरते. ती किंचित वाकडी असेल, तिच्यावर कागदी लेबल तिरके चिकटवलेले असेल, तर डागांच्या कडा विस्कटतात. म्हणून ५२ टाळावा, हे बरोबर. पण म्हणून १ किंवा २ निवडावा, हे बरोबर नाही. १९९० च्या दशकातल्या सीडी मंद वेगासाठीच घडवल्या होत्या. त्यांना २ किंवा ४ शोभत असे. ४८ किंवा ५२ साठी घडवलेल्या सीडीचे रंगद्रव्य अधिक संवेदनशील असते, ते क्षणभराच्या उष्णतेला जुळवलेले असते. तिच्यावर लेझर रेंगाळला तर डाग पसरट होऊ शकतो. यंत्राच्या आत प्रत्येक जातीच्या सीडीसाठी शक्तीचे वेळापत्रक साठवलेले असते, आणि अगदी मंद वेगाचे वेळापत्रक काळजीपूर्वक जुळवलेले असेलच असे नाही. चांगल्या सीडीवर ८ ते १६ ही निवड बहुतेक यंत्रांत सर्वांत सुरक्षित, असे माझे मत. त्यातही ज्या त्या जोडीची परीक्षा वाचून पाहूनच होते.

डाग थोडे विस्कटले तरी ऐकणाऱ्याला लगेच कळत नाही. सीडीच्या भाषेत चूक सुधारण्याची तरतूद आहे : सलग सुमारे ४,००० बिट, म्हणजे मार्गावरचे अडीच मिलिमीटर, गहाळ झाले तरी मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. त्यापलीकडे यंत्र अंदाजाने जागा भरते. मग टिचक्या ऐकू येतात, मग शांतता. म्हणजे खराब लिहिलेली सीडी पहिल्या दिवशी उत्तम वाजते. तिची शिल्लक मात्र कमी असते, आणि उन्हाने, दमट हवेने, ओरखड्यांनी ती दहा-पंधरा वर्षांत संपते. कपाटाच्या तळाशी आज जे चाललेले आहे ते हेच.

यामाहाने वेगळा प्रयोग केला होता. डाग किंचित लांब लिहायचे, कडा ठसठशीत होतील, ७४ मिनिटांच्या सीडीवर ६३ मिनिटेच मावली तरी चालेल. अवधी देऊन स्वच्छता घेण्याचा हा सौदा १९०२ च्या ध्वनिमुद्रकाला लगेच समजला असता.

आणखी एक निवड येथे सांगावीशी वाटते, कारण तबकड्यांच्या बाबतीत ती कळीची आहे. एकच चीज दोन बाजूंवर तोडून गायलेली असेल आणि ते दोन तुकडे सीडीवर सलग जोडायचे असतील, तर संपूर्ण सीडी एका दमात लिहावी लागते. तुकडा-तुकडा करून लिहिली तर मध्ये दोन सेकंदांची पोकळी राहते, आणि समेवर येता येता गवई अंतर्धान पावतो.

तर आता मूळ चुकीकडे येऊ. तबकड्या उतरवताना सारी काळजी वेगाच्या दुसऱ्या प्रश्नावर खर्च झाली. पहिला प्रश्न, तबकडी किती फेऱ्यांनी फिरवली, बहुतेक वेळा कुणी विचारलाच नाही. ८० फेऱ्यांनी कोरलेले गाणे ७८ ने उतरवले असेल, तर सीडीने तो उतरलेला षड्ज एकही बिट न चुकता जपून ठेवला आहे. सीडी ४ ने लिहा की १६ ने, ती चूक तशीच राहणार. त्या सीडीवरून इंटरनेटवर गेलेल्या प्रतींतही ती तशीच आहे. आज खाँसाहेबांची एकच ठुमरी दोन ठिकाणी दोन पट्ट्यांत सापडली, तर घाईने त्यांनी ती दोनदा ध्वनिमुद्रित केली असा निष्कर्ष काढू नका.

हा प्रश्न सोडवण्याची साधने जुनी आणि साधी आहेत. आपल्याकडच्या ५० आवर्तनांच्या विजेवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा लखलखतो. कागदी चकतीवर समान अंतरावर ७७ रेघा काढून ती फिरत्या तबकडीवर ठेवली, आणि दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या, तर वेग ७७.९२ फेऱ्यांचा, म्हणजे आपला ७८. रेघा पुढे सरकू लागल्या तर वेग अधिक. हे झाले यंत्राचे. मूळ ध्वनिमुद्रण कोणत्या वेगाचे होते हे मात्र गाण्यातूनच शोधावे लागते. साथीला पेटी असेल तर तिचे स्वर कोणत्यातरी पट्टीवर नीट बसायला हवेत. त्याच गायकाच्या त्याच बैठकीतल्या इतर तबकड्यांशी ताडून पाहावे. आणि आवाजाची जात, तिला मिरजेतले जुने कान सहज ओळखतील.

१९३० च्या दशकातल्या या ध्वनिमुद्रणांचा साठ वर्षांचा स्वामित्वहक्क आपल्या कायद्याने केव्हाच संपला आहे, त्यामुळे उतरवण्याला अडथळा नाही. अडथळा काळाचा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे कृष्णेचे पूर या भागातल्या कपाटांनीही पाहिले आहेत. भिजलेली सीडी स्वच्छ पाण्याने धुऊन, मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे, गोल न फिरवता, पुसावी. छापील बाजूस जपावे. लेखनाचा थर त्या बाजूच्या रोगणाखालीच असतो, आणि तेथला ओरखडा कायमचा असतो.

घरात अशी चळत असेल तर आधी तिच्यातले सारे संगणकावर उतरवून घ्या, वाचनाचा वेग कमी ठेवून. मूळ तबकडी अजून कुणाकडे असेल तर ती पुन्हा फिरवा, ७७ रेघांच्या चकतीसह. आणि नव्या प्रतीवर गायकाचे नाव, राग आणि साल यांच्या शेजारी फेऱ्यांचा आकडाही लिहा : ७८, ७९, ८०, जो असेल तो.